लाल रेघ वर येते कशी? डेव्हलपरवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात धातूतल्या बारीक भेगा शोधायच्या डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टबद्दल थोडक्यात लिहिलं होतं, म्हणजे जॉब (तपासायचा भाग) साफ करायचा, पेनिट्रंट नावाचा भेगेत शिरणारा लाल द्रव मारायचा, थांबायचं, वरचं पुसून घ्यायचं, मग पांढरं डेव्हलपर मारायचं आणि कुठं लाल उमटलं तर तिथं भेग आहे असं समजायचं, एवढंच. त्यावर ढीगभर पत्रं आणि मेसेज आले आणि त्यातले निम्म्याहून जास्त त्या शेवटच्या पांढऱ्या डब्याबद्दलच आहेत. मला मनापासून बरं वाटलं, कारण मी वाळूज-चिकलठाण्यात तीसएक वर्षं हेच काम केलंय आणि बघत आलोय की पेनिट्रंटची काळजी सगळे घेतात, डेव्हलपर मात्र कसंही मारून मोकळे होतात. म्हणून ह्या वेळी सगळी जागा त्यालाच देतो. पत्रं जशी आली तशीच ठेवलीत, नावं मात्र काढलीत.

प्रश्न : काका नमस्कार, मी जालन्याला आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे. पेनिट्रंट केशाकर्षणानं भेगेत आत जातं असं शिकवलं. मग डेव्हलपर मारल्यावर ते बाहेर येतं ते पण केशाकर्षणानंच म्हणे. एकच ओढ आत पण नेते अन् बाहेर पण आणते हे कसं काय? वर्गात कुणालाच नीट सांगता येईना.

उत्तर : लेकरा, लई चांगलं विचारलंस, अर्धा डेव्हलपर ह्या एका प्रश्नात आला. केशाकर्षणात द्रव फटीच्या भिंतींना धरून धरून पुढं सरकतो, आणि फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, हे दुसरं वाक्य पक्कं ध्यानात ठेव. पेनिट्रंट भेगेत शिरतं तेव्हा बाहेरच्या बाजूला काय असतं, मोकळी हवा, तिकडून ओढणारं कुणीच नाही, म्हणून ते आत जातं आणि आतच बसून राहतं, वरचं पुसलं तरी आतलं हलत नाही. आता भेगेच्या तोंडावर तू डेव्हलपरचा थर दिलास. हे डेव्हलपर म्हणजे टाल्क, सिलिका, कॅल्शियम कार्बोनेट असल्या जातीची एकदम बारीक पांढरी पूड, एकेक कण काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशोबातला. असे कण एकमेकांवर पडले की त्यांच्या मधे असंख्य बारक्या फटी तयार होतात आणि त्या बहुतेक भेगांच्या तोंडापेक्षाही अरुंद असतात. मग ओढ कुणाची जास्त? पुडीची. म्हणून पेनिट्रंट भेग सोडून पुडीत चढतं.

घरचंच उदाहरण घे. ताटात रस्सा वाढलाय, त्याच्या कडेला कुस्करलेल्या भाकरीचा ढीग सरकव, बोट न लावता रस्सा खालून वर चढायला लागतो. भाकरीचे मोठे तुकडे ठेवलेस तर हळू चढतो, बारीक कुस्करा केलास तर भराभर चढतो. डेव्हलपरची पूड एवढी बारीक का असते ते ह्यात आलं.

पण नुसतं वर चढून भागत नाही. भेग असते एखाद-दोन मायक्रॉन रुंद, तिच्या तोंडाएवढीच लाल रेघ आली असती तर कुणाच्याच डोळ्याला दिसली नसती. पेनिट्रंट पुडीत आलं की आडवंही पसरतं, एका कणाकडून दुसऱ्या कणाकडं, आणि पसरत पसरत त्याचा पट्टा मिलिमीटरच्या मापात जातो, तेव्हा कुठं तुला रेघ दिसते. म्हणजे तुझ्या डोळ्याला जे दिसायलंय तो भेगेतून वर आलेला डाग आहे, भेग त्याच्या खाली आहे आणि त्याहून कितीतरी बारीक आहे. त्यात पुडीचा पांढरेपणा मदतीला येतो, काळपट लोखंडावर लाल डाग हरवून जातो, पांढऱ्यावर लांबून दिसतो.

आणि स्प्रेच्या डब्यात अजून एक गोष्ट असते जी बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलीच नसते. डब्यातली पूड आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अॅसिटोनसारख्या लगेच उडून जाणाऱ्या द्रवात, म्हणजे सॉल्व्हंटमधे कालवलेली असते. ते सॉल्व्हंट ओलं असताना भेगेच्या तोंडाशी जातं, आतल्या पेनिट्रंटमधे मिसळतं, ते पातळ होतं आणि जरा फुगतंही, मग त्याला बाहेर यायला सोपं जातं, तोवर सॉल्व्हंट उडून जातं आणि मागं कोरडी पूड राहते जी ओढायचं काम पुढं चालू ठेवते. म्हणून डेव्हलपरच्या सगळ्या प्रकारांत हा सॉल्व्हंटवाला स्प्रे बारीक भेगेला सगळ्यात जास्त पकडतो.

वर्गात करून बघायचं असेल तर काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर घट्ट धरा, मधे लाल शाईचं पाणी सोडा, ते आपोआप आत भरतं, मग पट्ट्यांच्या कडेला खडूची बारीक पूड लावा अन् बघत बसा. आत गेलेलं पाणी पुडीत येताना सगळ्या वर्गाला दिसेल.

प्रश्न : सर, मी वाळूजला एका फॅब्रिकेशन शॉपमधे क्वालिटीला ट्रेनी आहे. आमच्याकडे डेव्हलपर भिंतीला चुना दिल्यासारखं जाड मारतात, म्हणतात पांढरं जितकं जास्त तितकं लाल उठून दिसतं. मी पातळ मारलं तर म्हणाले डबा काय घरी न्यायचाय का. नेमकं किती मारायचं?

उत्तर : ताई, तुमचा हात बरोबर आहे, तो बदलू नका. वरच्या उत्तरातलाच कुस्करा घ्या, रस्सा वाटीभरच आहे आणि भाकरी परातभर कुस्करली तर खालची भिजते, वरची कोरडीच राहते. भेगेतलं पेनिट्रंट तर थेंबाच्या कितीतरी लहान भागाएवढं असतं. थर जाड झाला की ते खालच्या खालीच जिरतं, वरपर्यंत पोचतच नाही आणि वरून जॉब एकदम स्वच्छ पांढरा दिसतो. जाड थर मोठ्या भेगा लपवत नाही, बारीक भेगा लपवतो, आणि डीपी आपण बारीक भेगांसाठीच करतो ना.

उलट बाजूला एकदम विरळ मारलं तर ओढायला पुरेशी पूड नाही आणि मागं पांढरं पण नाही. लाल पेनिट्रंट असेल तर थर सगळीकडं सारखा पांढरा दिसला पाहिजे, पण पातळ, ओघळ नको, खपली नको. हिरवं चमकणारं फ्लोरोसंट पेनिट्रंट असेल तर त्याहून पातळ, धातूची चमक खालून जराशी दिसत राहिली पाहिजे.

डबा आधी चांगला हलवा, आतल्या गोळीचा खळखळ आवाज यायला लागला तरी अजून थोडा वेळ हलवा, कारण पूड तळाला बसलेली असते, न हलवता मारलं तर नुसतं सॉल्व्हंट बाहेर येतं आणि ते भेगेतलं पेनिट्रंट धुऊन टाकतं. पहिला फवारा जॉबवर नको, बाजूला भंगारच्या पत्र्यावर मारून नोझल कसं चाललंय ते बघा. मग २० ते ३० सेंटीमीटरवरून हात न थांबवता फिरवत न्या. एका दणक्यात झाकायचा प्रयत्न करू नका, एक हलका हात, मग दुसरा हलका हात.

मला हे एवढं पोटतिडकीनं का सांगावंसं वाटतं ते पण सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी एका शॉपमधे स्टेनलेसच्या टाकीच्या नोझलचे, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडांचे, वेल्ड तपासायचे होते, गेटवर गाडी उभी, संध्याकाळ झालेली, हेल्परनं डेव्हलपर भरपूर मारलं, मी बघितलं, सगळं पांढरंशुभ्र, सही केली. दुसऱ्या दिवशी हायड्रोला, म्हणजे टाकीत पाणी भरून दाब देऊन बघतात त्या टेस्टला, प्रेशर चढवलं आणि त्यातल्याच एका वेल्डच्या कडेनं पाणी पाझरायला लागलं. टाकी रिकामी केली, वाळवली, परत सगळं पहिल्यापासून केलं, ह्या वेळी डेव्हलपर मी स्वतः पातळ मारलं आणि काही मिनिटांत तिथं सेंटीमीटरभर लाल रेघ उभी राहिली. ती भेग आदल्या दिवशीही तिथंच होती. सही माझी होती त्यामुळं हेल्परला बोलायचा मला काही अधिकारच नव्हता. त्या दिवसापासून डबा मी दुसऱ्याच्या हातात दिला तरी पहिले दोन हात शेजारी उभं राहून बघतो.

आणि एक, तुमच्याकडं सगळा जॉबच गुलाबी दिसत असेल तर तो डेव्हलपरचा दोष नाही, पेनिट्रंट नीट पुसलेलं नाही. तसंच दुसऱ्या टोकाला क्लीनर थेट जॉबवर मारून पुसतात तेही बंद करा, क्लीनर कापडावर घ्यायचं, धागे न सुटणाऱ्या, आणि त्या ओलसर कापडानं पुसायचं. थेट मारलं की भेग आतून रिकामी होते, मग डेव्हलपर ओढणार काय?

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर आहे. ऑफ सीझनला एप्रिल-मेमधे मिलचे रोलर शाफ्ट, कपलिंग, गियर सगळे खोलून डीपी करायलो. दुपारी डेव्हलपर मारलं की ते जॉबवर ओलं पडतच नाही, नुसता धुराळा उडायलाय अन् हातानं झटकलं तर निघून जायलाय. इंडिकेशन, म्हणजे उमटलेली लाल खूण, पण फिक्कं. माल खराब आलाय का?

उत्तर : दादा, मालाला दोष द्यायच्या आधी शाफ्टला थर्मामीटर लावा. आपल्याकडं मे महिन्यात हवाच ४२-४३ ला जाते आणि उन्हात पडलेलं लोखंड तर हात ठेववत नाही एवढं तापतं. एएसएमई ह्या अमेरिकन इंजिनियरांच्या संस्थेच्या नियमपुस्तकात, त्यालाच कोड म्हणतात, त्याच्या सेक्शन पाचमधे ह्या टेस्टसाठी जॉबचं आणि पेनिट्रंटचं तापमान ५ ते ५२ अंश सेल्सिअसच्या आत पाहिजे असं दिलंय, हवेचं नाही, जॉबचं. त्याच्या बाहेर करायचंच असेल तर कंपॅरेटर ब्लॉक म्हणून भेगा पाडलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा मिळतो, त्यावर आधी पद्धत सिद्ध करून दाखवावी लागते, आणि ऑफ सीझनच्या घाईत ते कोण करत बसणार.

तुमच्याकडं काय व्हायलंय, डब्यातून निघालेलं सॉल्व्हंट जॉबपर्यंत पोचायच्या आधीच हवेतच उडून जातंय आणि खाली पडतेय ती कोरडी पूड. ती शाफ्टला धरत नाही, आणि मघाशी सांगितलं तसं भेगेच्या तोंडाशी ओलं सॉल्व्हंट जाऊन पेनिट्रंटला पातळ करतं ते काम पूर्णच राहून जातं. त्यात आधीच्या टप्प्यात पेनिट्रंट पण तापलेल्या लोखंडावर वाळून घट्ट झालेलं असतं, घट्ट झालेलं वर येईल कसं? आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात सकाळी पाणी सोडलं तर मुरतं आणि भर दुपारी सोडलं तर निम्मं वरच्या वर जातं, तसलाच प्रकार.

उपाय सोपा आहे पण वेळ बदलावी लागेल. शाफ्ट आदल्या रात्रीपासून शेडमधे सावलीत ठेवा, लोखंड जाड असतं, ते थंड व्हायला रात्र लागते, सकाळी उजेड झाला की काम सुरू करून ऊन तापायच्या आत उरका. पेनिट्रंट थांबवून ठेवलेल्या वेळात वाळायला लागलं तर त्यावर परत हात मारून ओलं ठेवा, पूर्ण वाळून गेलं असेल तर मात्र क्लीनिंगपासून पहिल्यानं करायचं, मधूनच पुढं जायचं नाही. डबा २० सेंटीमीटरच्या बाजूला धरा, ३० ला नको. जॉब थंड व्हावा म्हणून ओलं पोतं टाकू नका, भेगेत पाणी शिरलं की पेनिट्रंटला जागाच उरत नाही. आणि डबे उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात ठेवू नका, आत दाबाखालचा ज्वालाग्राही गॅस असतो, डब्यावरच लिहिलेलं असतं ५० अंशाच्या वर नेऊ नका म्हणून.

थंडीत ह्याच्या उलट. डिसेंबरच्या पहाटे परभणीकडं पारा चांगलाच खाली उतरतो तेव्हा डेव्हलपर लवकर वाळत नाही, ओघळतं आणि ओघळासोबत लाल पण खाली वाहून रेघ फिसकटते. तेव्हा उन्हं वर येऊ द्या.

प्रश्न : डेव्हलपर मारल्यावर ते १० मिनिटं थांबायचं कुठून मोजायचं? आणि जेवायला जाऊन आलं तर चालतं का? – लातूर

उत्तर : स्प्रे असेल तर थर वाळला तिथून मोजायचं, कोरडी पूड असेल तर मारल्या क्षणापासून. कोडप्रमाणं शेवटचा निकाल १० ते ६० मिनिटांच्या आत द्यायचा. जेवायला जाऊन तासाच्या आत आलात तर कागदावर बसतं, पण मी जाऊ नका म्हणेन. रेघ कशी उगवते हे बघण्यातच निम्मी माहिती आहे. उघड्या तोंडाची मोठी भेग थर वाळता वाळताच दिसायला लागते, घट्ट मिटलेली भेग आधी ठिपक्या ठिपक्यांनी येते आणि मग ठिपके जोडून रेघ होते. ज्या भेगेत साठा जास्त ती वाढतच राहते, त्यावरून खोलीचा नुसता अंदाज येतो, माप नाही. उशिरा गेलात तर शेजारशेजारचे चार गोल डाग पसरून एकमेकांत मिसळलेले असतात आणि ती रेघ होती का छिद्रं होती हे कुणालाच सांगता येत नाही, आणि फरक तर मोठा आहे, लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असली की ते लिनियर, म्हणजे रेघेसारखं, धरलं जातं आणि तिथं नियम कडक असतात. पहिल्या मिनिटापासून उभं राहा, आणि उजेड कमीत कमी १००० लक्स पाहिजे, शेडमधल्या एका पिवळ्या बल्बवर हे काम होत नाही.

प्रश्न : आमचं परभणी जिल्ह्यात गावाकडं वर्कशॉप आहे, ट्रॉलीचे हूक, नांगराचे फाळ, जोडणीचे दांडे असली कामं येतात. डब्यांचा सेट परवडत नाही. रॉकेल अन् खडूनं चालतं असं एक जुने मिस्त्री म्हणायचे. खरंय का? डेव्हलपरच्या जागी टाल्कम पावडर मारली तर?

उत्तर : मिस्त्री खरं सांगत होते. ह्या सगळ्या टेस्टचा जन्मच तिथून झालाय. रेल्वेच्या कारखान्यांमधे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चाकं, धुरे, कपलिंग असे भाग रॉकेलनं पातळ केलेल्या तेलात बुडवायचे, पुसायचे आणि वरून अल्कोहोलमधे कालवलेल्या खडूचा हात द्यायचे, भेगेतलं तेल खडूत वर येऊन डाग पडायचा. इंग्रजीत त्याला ऑइल अँड व्हायटिंग म्हणतात. म्हणजे बघा, तेव्हाही डेव्हलपर होतंच, खडू हेच डेव्हलपर. पुढं तेलात रंग आला, अमेरिकेत रॉबर्ट स्विट्झरला १९४१ साली चमकणाऱ्या पेनिट्रंटचं पेटंट मिळालं, पण भेगेतलं वर ओढायची युक्ती तीच राहिली.

तर ट्रॉलीच्या हुकाची मोठी चीर शोधायला रॉकेल आणि खडू घरच्या घरी वापरलं तर काहीच न बघण्यापेक्षा नक्की बरं, हूक तुटून ऊसाची भरलेली ट्रॉली मागं सुटली तर काय होतं ते गावाकडच्या माणसाला मी सांगायला नको. पण ह्यावर भरवसा ठेवून हूक चांगला आहे असं कुणाला लिहून देऊ नका. रॉकेलचा डाग फिकट असतो, बारीक भेग त्यात सुटते. टाल्कम पावडरचं म्हणाल तर त्यात सुवास, तेलकट पदार्थ काय काय असतं, कणांची बारीकी ठरलेली नसते, आणि डेव्हलपर म्हणून तपासून घेतलेला माल तो नाही. कारखान्याच्या कामात तर एका कंपनीचं पेनिट्रंट आणि दुसऱ्या कंपनीचं डेव्हलपर असं मिसळायलासुद्धा कोड परवानगी देत नाही. स्टेनलेसवर अनोळखी पूड मारायचीच नाही, त्यात क्लोराइड असलं आणि ते तसंच राहून गेलं तर पुढं त्यातूनच भेगा पडायची भीती असते.

टाकीच्या आतून रॉकेल अन् बाहेरून खडू लावून बघतात ती वेगळी टेस्ट, त्यात आरपार गळती कळते. आरपार न गेलेली भेग त्यात दिसणार नाही, दोन्हीची गल्लत करू नका.

प्रश्न : शेंद्र्याला आमच्या लाइनवर फ्लोरोसंट पेनिट्रंट आहे, कोरडी पूड वापरतात. लाल पेनिट्रंटला तीच वापरून डबे वाचवता येतील का?

उत्तर : नाही. कोरडी पूड फक्त पेनिट्रंटनं ओल्या झालेल्या जागीच चिकटते, बाकी जॉब उघडाच राहतो. अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली ते फारच छान, पार्श्वभूमी काळी आणि भेग हिरवी, रेघ पण बारीक आणि स्पष्ट येते. लाल पेनिट्रंटला मात्र मागं पांढरा पडदा लागतोच आणि तो कोरड्या पुडीनं मिळत नाही. पाण्यातल्या डेव्हलपरचे दोन प्रकार असतात, एक विरघळणारं आणि एक नुसतं कालवलेलं. विरघळणारं लाल पेनिट्रंटला चालत नाही आणि पाण्यानं धुवायच्या पेनिट्रंटलाही चालत नाही, भेगेतलंच धुऊन निघायची भीती असते. कालवलेलं असेल तर टाकी सतत ढवळत ठेवायची, नाहीतर पूड तळाला आणि जॉबवर नुसतं पाणी.

प्रश्न : टेस्ट झाल्यावर डेव्हलपर तसंच राहिलं तर काय बिघडतं? रंगाखाली जातंच की. – नांदेड

उत्तर : बिघडतं. पूड ओल धरून ठेवते, खाली गंज लागतो, आणि रंग तिच्यावर बसतो, लोखंडावर बसतच नाही, मग महिन्याभरात पापुद्रे. ताजं असतानाच कोरड्या कापडानं आणि मग क्लीनरनं काढा, जितकं जास्त वेळ ठेवाल तितकं घट्ट बसतं.

आणि भेग सापडून ग्राइंड करून परत वेल्ड करणार असाल तर जास्तच जपायचं. पूड आणि उरलेलं लाल आर्कखाली आलं की वेल्डमधे छिद्रं पडतात, म्हणजे एक दोष काढायला जाऊन दुसरा तयार. त्याहून वाईट म्हणजे काही क्लीनर क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटचे असतात, त्याची वाफ आर्कच्या उजेडात आली की फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो, आणि जे क्लोरीनवाले नसतात ते पेट घेतात. म्हणून वेल्डर शेजारी काम करत असताना डबे उघडायचेच नाहीत, बंद टाकीच्या आत असाल तर ब्लोअर लावून हवा खेळती ठेवायची, दुरुस्तीची जागा नीट पुसून पूर्ण वाळू द्यायची, वास गेला का बघायचा आणि मगच वेल्डरला हात करायचा.